उरलेले 59 टक्के

श्रावणातली उघडीप होती. चार दिवस पावसाने तोंड दाखवलं नव्हतं आणि बांधावरची हराळी, लव्हाळा, मधेमधे केना, सगळं तरारून वर आलं होतं. तात्या विहिरीच्या कडेला निळ्या बॅरलमध्ये काठी फिरवत उभे होते. बॅरलमध्ये विहिरीचं पाणी, ग्लायफोसेटची बाटली, दोन ओंजळी मीठ, ओंजळभर युरिया आणि वरून धुण्याच्या पावडरची पुडी. फेस काठोकाठ आलेला.

राखीला माहेरी आलेली अक्का तिथे पोचली, बॅरलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "तात्या, कढी केलीय का?"

तात्या आमचे चुलते. सांगली जिल्ह्यात चार एकर ऊस, त्यातला एकरभर क्षारपडीने खाल्लेला. अक्का माझी थोरली बहीण. राहुरीला कृषिविद्या शिकली आणि गेली बारा वर्षं तणनाशकांची फॉर्म्युलेशन तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम आणि कुठल्याही गोष्टीवर एकमत नाही. मी नोझल हातात धरून बांधावर बसलो होतो. पुढचे दोन तास ते नोझल माझ्या हातातच राहिलं.

"कढी नव्हं, औषध हाय," तात्या म्हणाले. "तीस वर्सं असंच मारतोय."

"आणि तीस वर्षं लव्हाळा आहेच."

"लव्हाळा काय कुणाच्या बापाला ऐकतोय? पण दोन दिसांत बघ, पिवळा न्हाई, पार तांबूस होतंय रान. दुकानदार म्हणतो भारीतली बाटली घ्या. का घ्यायची? हितं बी 41 टक्के, तितं बी 41 टक्के. औषध ते औषध."

अक्काने रिकामी बाटली उचलली. "41 टक्के कशाचे, तात्या?"

"ग्लायफोसेटचे."

"त्याच्या क्षाराचे. नुसतं ग्लायफोसेट हे आम्ल आहे, ते पाण्यात फार विरघळत नाही. म्हणून त्याला आयसोप्रोपिलअमाइनची जोड देऊन क्षार करतात, तो पाण्यात छान विरघळतो. 41 टक्क्यांत त्या जोडीचंही वजन आलं. तण मारणारं आम्ल मोजलं तर लिटरमागे साधारण 360 ग्रॅम. आता ती दाणेदार पाकिटं येतात ना, 71 टक्क्यांची?"

"ती तिखट असत्यात."

"ती अमोनियम क्षाराची. अमोनियम हलका, म्हणून तिथे किलोला जवळजवळ 645 ग्रॅम आम्ल भरतं. 100 ग्रॅमचं एक पाकीट म्हणजे तुमच्या बाटलीतलं साधारण 180 मिली. तिखट काही नाही, हिशोब आहे. टक्क्याला टक्का लावून दोन बाटल्या तोलता येत नाहीत."

तात्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं, हिशोब केला. आता मार म्हणतीस का?"

"अजून उरलेले 59 टक्के राहिलेत."

पाटाच्या कडेला काकूंनी लावलेलं अळू होतं. अक्काने एक पान तोडलं, विहिरीचं पाणी ओंजळीने त्यावर सोडलं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळून खाली पडले. पान कोरडं ठणठणीत. अळवावरचं पाणी आपण माणसांच्या बेभरवशी स्वभावाला म्हणतो, पण फवारणीवाल्याने ते शब्दशः घ्यावं. पानाच्या वरच्या सालीवर मेण असतं. आपलं पाणी पानाने आत ठेवावं आणि बाहेरचं आत येऊ देऊ नये, यासाठीच ते असतं. तण असो की ऊस, हे मेण सगळ्यांना आहे, कुणाला जाड, कुणाला पातळ, कुणाला वर बारीक लव.

"बघितलंत? नुसतं औषध पाण्यात घालून मारलं तर निम्मं असं खाली जातं."

तात्यांनी काही न बोलता काठीने बॅरलमधला थेंब उचलला आणि त्याच पानावर सोडला. थेंब पसरला, पान ओलं झालं. तात्यांच्या मिशीखाली हसू आलं. "आता बोल. पावडर काय फुकट टाकतोय व्हय?"

इथे अक्का हरली, आणि हरल्याचं तिने कबूल केलं. पृष्ठताण कमी केला की थेंब पसरतो, साबण असो की दुकानातलं स्टिकर. पण तिचं म्हणणं पुढे होतं. "पसरणं म्हणजे आत जाणं नव्हे. दारात चटई अंथरली म्हणून पाहुणा घरात आला असं होत नाही."

मग तिने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पानाच्या मेणाशी जमवून घ्यायला तेलाचा स्वभाव लागतो. ग्लायफोसेटचा स्वभाव पाण्याचा. मेणाखालच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या अगदी अरुंद वाटा असतात, ग्लायफोसेट त्या वाटांनी सावकाश झिरपतं, आणि तेही थेंब ओला असेपर्यंतच. भर दुपारी मारलं की पाच मिनिटांत थेंब वाळतो, औषधाचे बारीक स्फटिक पानावर बसून राहतात, संध्याकाळच्या पावसाने धुऊन जातात. चांगल्या बाटलीतल्या उरलेल्या 59 टक्क्यांत पाणी असतं आणि त्याच्या जोडीला असा पदार्थ असतो जो थेंब पसरवतो, लवकर वाळू देत नाही आणि मेणाखालच्या त्या वाटा थोड्या सैल करतो. धुण्याची पावडर यातलं फक्त पहिलं काम करते. शिवाय तिच्यात सोडा असतो आणि फेस असतो. फेस पंपात हवा भरतो, फवारा तुटक येतो.

"पानावर धूळ असली तरी तेच," ती म्हणाली. "ग्लायफोसेटला मातीची भारी ओढ. रस्त्याकडेच्या तणावर मारता तेव्हा अर्धं औषध धुळीला चिकटून तिथेच संपतं. गढूळ पाण्यातही तसंच."

"मग तेलाचा स्वभाव असलेलं औषध आणावं की."

इथे ती एकदम गंभीर झाली. कारण तेलाच्या स्वभावाचं औषध आमच्या घरात एकदा येऊन गेलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरू उसात माठ, दुधी, रुंद पानाचं तण माजलेलं. तात्यांनी 2,4-डी आणलं. हे औषध तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षाराची 80 टक्के पावडर, अमाइन क्षाराचं 58 टक्के द्रावण, आणि इथाइल एस्टरचं 38 टक्के तेलकट द्रव. एका दुकानात तात्यांना एस्टर मिळालं. एस्टर मेणातून सरळ आत उतरतं, पाऊस आला तरी फारसं बिघडत नाही, म्हणून ते "जास्त चालतं" ही दुकानदाराची शिफारस खोटी नव्हती. एप्रिल होता, दुपारी ऊन मी म्हणत होतं. आणि दोन शेतं पलीकडे एका पाहुण्यांची द्राक्षबाग होती, खरड छाटणी होऊन नुकती फुटलेली.

चार-पाच दिवसांत बागेची कोवळी पानं पंख्यासारखी अरुंद झाली, शिरा एकमेकींना भिडल्या, शेंडे पिळवटले. वारा त्या दिवशी बागेच्या दिशेला नव्हता, हे तात्या आजही सांगतात. नसेलही. एस्टर फवारून झाल्यावरसुद्धा उसाच्या पानांवरून, तापलेल्या मातीवरून वाफ होऊन उठतं, तास दोन तासांनी वारा फिरला की निघतं. द्राक्ष आणि कापूस ही दोन पिकं या औषधाला इतकी हळवी आहेत की वासावरच वेडीवाकडी होतात. पाहुण्यांनी पंचायत बसवली नाही, पण दोन वर्षं लग्नकार्यात बोलणं नव्हतं.

"तेच औषध अमाइन क्षारात घेतलं असतं तर वाफ जवळजवळ उठली नसती," अक्का म्हणाली. "रेणू तोच, तण मारणारा भाग तोच. पानाच्या आत गेल्यावर एस्टरचं तेलकट शेपूट झाड स्वतःच तोडून टाकतं आणि आम्लच उरतं. फरक फक्त दारापर्यंतच्या प्रवासाचा. तुम्ही म्हणता औषध ते औषध. ती बाग विचारून बघा."

तात्यांना हे लागलं. त्यांनी काठी बॅरलमध्ये टेकवून ठेवली. "मग तूच सांग. चालणारं औषध आणावं तर शेजाऱ्याचं जळतंय, न चालणारं आणावं तर आपलं तण न्हाई जळत. तुमच्या लॅबमधल्या माणसानं बाटलीवर हे मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं? 'एस्टर' येवढंच लिवलेलं असतंय. आमाला काय, एस्टर म्हंजे कुणाची पोरगी?"

यावर अक्काकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असायलाही नको होतं. हा दोष तात्यांचा नाही.

काकू चहा घेऊन आल्या. अक्काने त्यांना विचारलं, "काकू, ह्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते?"

"शिजती कसली? दगड राहत्यात. डाळीला नळाचं आणतो."

"बघा तात्या. डाळ शिजत नाही त्या पाण्यात औषध शिजवताय."

आमच्या विहिरीचं पाणी जड आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हंड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. तात्यांनी बॅरलमध्ये आख्खी पुडी का ओतली होती, त्याचं एक कारण हेच. पण त्याचा औषधाशी संबंध ग्लायफोसेटच्या जन्मकुंडलीतच आहे, आणि ती मला फार रंजक वाटली. 1964 साली अमेरिकेत स्टॉफर नावाच्या कंपनीने या रेणूचं पेटंट घेतलं ते धातूंना पकडून ठेवणारं रसायन म्हणून. तो तण मारतो हे 1970 साली मोन्सॅन्टोमधल्या जॉन फ्रान्झ यांच्या ध्यानात आलं, आणि 1974 साली राउंडअप बाजारात आलं. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम दिसलं की हात धरणं हा याचा मूळ धर्म. जड पाण्यात पडलं की ते कॅल्शियमशी जोडी जमवतं, आणि ती जोडी पानाच्या दारातून नीट आत जात नाही.

"म्हणून तर मीठ टाकतो!"

"मीठ कॅल्शियमचं काही वाकडं करत नाही, तात्या. त्यातला सोडियम औषधाला उपयोगाचा नाही, आणि तुमच्या एकरभर क्षारपड रानाला तर बिलकूल नको आहे. युरियाने आत शिरायला थोडी मदत होते, पण कॅल्शियमपुढे तोही गप्प. त्यापेक्षा अमोनियम सल्फेट टाका. सल्फेट कॅल्शियमला स्वतःकडे ओढून घेतं, आणि अमोनियम ग्लायफोसेटबरोबर सहज आत जातं. पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ते तीनशे ग्रॅम. आधी सल्फेट पूर्ण विरघळवा, मग औषध. उलटं केलंत तर कॅल्शियमचं लगीन आधीच लागलेलं असतं. आणि पाणी कमी वापरा. जड पाणी दुप्पट घेऊन तेवढंच औषध टाकलं की कॅल्शियम दुप्पट आणि औषधाचा थेंब पातळ."

"पण मीठ टाकल्यावर दोन दिवसांत जळतंय, हे तर खरं?"

"जळतं. तीच तर गडबड आहे."

आता ती उसाकडे वळली. तात्या ऊसवाले, त्यांना उसातूनच सांगायला हवं हे तिला माहीत होतं. "ऊस पिकतो म्हणजे काय होतं?"

"पाल्यात साखर तयार हुती, कांडीत उतरती."

"कशातून उतरते?"

"शिरांतनं."

"पाला जाळून टाकला तर?"

तात्या काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ग्लायफोसेटला स्वतःचे पाय नाहीत. पानाने तयार केलेल्या साखरेच्या प्रवाहात बसून ते शेंड्याकडे, मुळाकडे, गाठीकडे, जिथे साखर चाललीय तिथे जातं. झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार करणारं एक विकर ते बंद पाडतं, त्यामुळे मरण सावकाश येतं, आठवडा, दोन आठवडे. तेवढा काळ पान जिवंत असावं, काम करत असावं, साखर खाली पाठवत असावं. मिठाने, जादा पावडरीने, डबल डोसने पान दोन दिवसांत करपलं की वाहतूक थांबली. वर तांबूस रान, खाली गाठी खुशाल. ग्लायफोसेट स्वतःसुद्धा थोड्या वेळाने हा प्रवाह मंद करतं, म्हणून डोस दुप्पट केला म्हणजे मुळाशी दुप्पट पोचतं असं मुळीच नाही.

अक्काने प्रयोगशाळेतली एक पद्धत सांगितली. औषधात किरणोत्सारी कार्बन-14 घालून त्याचा एकच थेंब एका पानावर ठेवतात. काही दिवसांनी झाड उपटून, दाबून, एक्स-रे फिल्मवर ठेवतात. औषध जिथे गेलं तिथे फिल्म काळी होते. चांगल्या फॉर्म्युलेशनच्या फिल्मवर पानावरचा डाग फिका, मुळं आणि कोवळे कोंब काळे. घाई करणाऱ्या मिश्रणाच्या फिल्मवर एकच काळाकुट्ट ठिपका, थेंब ठेवलेल्या जागी. बाकी झाड पांढरं.

आणि दुकानात ग्लायफोसेट आणि पॅराक्वॉट हे दुसरं तणनाशक "दोन्ही मिसळून मारा" असा सल्ला मिळतो. पॅराक्वॉट प्रकाशात काही तासांत पान जाळतं, अर्ध्या तासाने पाऊस आला तरी त्याचं काही बिघडत नाही, म्हणून बघणाऱ्याला ते बहाद्दर वाटतं. पण ते लागलं तिथेच जाळतं, जाळलेल्या पानातून पुढे फारसं जातच नाही. त्याच पानावरून ग्लायफोसेटने खाली जायचं होतं. पूलच जळाला. शिवाय पॅराक्वॉट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

मला वाटलं, झालं, तात्यांचा निकाल लागला. तात्या उठले, कुदळ घेऊन आले आणि बांधावर जिथे लव्हाळा दाट होता तिथे वीतभर खणलं. काळ्या मातीतून एक माळ निघाली. गाठ, मग दोऱ्यासारखी मुळी, मग गाठ, मग पुन्हा. त्यातल्या वरच्या एक-दोन गाठींना पातं होतं. बाकीच्या कोंब न फुटलेल्या, झोपलेल्या.

"हे बघ पोरी. तुजी साखर ह्या वरच्याला जाती. ह्या झोपलेल्याला कोण देतंय? त्यांचं ताट मांडलेलंच न्हाई. तुजं भारीतलं फॉर्म्युलेशन आलं न् गेलं, ह्यांना पत्ता बी न्हाई. वरची मेली की खालची उठती. माझा बा सांगायचा, उन्हाळ्यात नांगरून ऊन दावायचं, गाठी वेचायच्या. तुमी बाटलीत सगळं शोधताय. झाड कवा खातंय, कवा निजतंय, ते बाटलीला ठावं न्हाई."

हे ऐकून अक्काने माळ हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. लव्हाळ्याच्या एका माळेत वरची गाठ फुटली की ती खालच्यांना फुटू देत नाही, हे शास्त्र तिला पाठ होतं. फरक इतकाच की तिने ते पुस्तकात वाचलं होतं आणि तात्यांनी आयुष्यभर वेचलं होतं. उसातल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं तणनाशक आहे, तेही खाली उतरतं, पण झोपलेल्या गाठीची अडचण त्यालाही आहेच, हे तिने मोकळेपणाने सांगितलं. आणि तात्यांच्या बोलण्यातला एक धागा तिने उचललासुद्धा. "हराळीचं मात्र वेगळं, तात्या. ती पावसाळा संपता संपता, फुलोऱ्यावर आली की साखर खाली साठवायला लागते. तेव्हा मारलेलं जास्त खोल जातं. कोवळ्या फुटीवर मारलं तर सगळं वरच राहतं, कारण तेव्हा झाड वर खर्च करतंय."

"हे मी सांगत हुतो की."

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"झाड कवा खातंय म्हटलं न्हवं आत्ताच?"

अमेरिकेत लुइझियानातले ऊसवाले तर हेच ग्लायफोसेट अगदी कमी मात्रेत तोडणीआधी उभ्या उसावर मारतात. वाढ थांबते, साखर कांडीत जास्त साठते. विषाची मात्रा आणि वेळ बदलली की तेच औषध मुकादमाचं काम करतं. अर्थात खोडव्याला त्याचा फटका बसू शकतो, आणि आपल्याकडे ही मात्रा शिफारशीत नाही, म्हणून वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये.

मला वाटलं होतं वाद इथे मिटेल. पण तात्यांनी रिकामी बाटली पुन्हा उचलली.

"ते 59 टक्के तू सांगितलेस. पाणी, आणि पान सैल करणारं. ते कशाचं करत्यात?"

अक्का जरा थांबली. "बरेचदा टॅलो अमाइन. पॉलिऑक्सिइथिलीन टॅलो अमाइन."

"टॅलो म्हंजे?"

"चरबी. जनावराची."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "श्रावणात? मी बांधावर चरबी मारतोय?"

काकू हसून हसून बेजार. पण तात्या हसत नव्हते. "आणि जी चरबी गवताचं कातडं सैल करती, ती माझं करत न्हाई? मी उघड्या पायानं मारतो. आपला गडी बाळू मारतो तो तर बनियनवर."

माझ्या मते दोन तासांतला सगळ्यात खरा प्रश्न हाच होता. अक्काने तो टाळला नाही. टॅलो अमाइन डोळ्यांना, कातडीला चिडवतं. मासे आणि बेडकांची पिल्लं यांच्यासाठी ते नुसत्या ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक आहे. म्हणूनच पाण्याकाठी वापरण्यासाठी परदेशात ते नसलेली वेगळी फॉर्म्युलेशन करतात, आणि युरोपीय संघाने 2016 साली ग्लायफोसेटच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं मानत नाही. पण हा सगळा वाद मुख्यतः त्या 41 टक्क्यांभोवती फिरतो, 59 टक्के कोपऱ्यात राहतात. "आम्ही प्रयोगशाळेत आत कसं जाईल याचा विचार करतो," ती म्हणाली. "ते फक्त तणाच्याच आत जाईल, असं कुणी ठरवलेलं नसतं."

"आणि सरकार?"

"सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये आदेश काढला, ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्या परवानाधारकानेच मारावं. त्याआधीही त्याचं लेबल चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेपुरतंच होतं."

"पेस्ट कंट्रोलवाला? आमच्या बांधावर?" तात्यांनी चहुबाजूंना मान फिरवली, जणू तो उसात कुठे लपलाय का बघत होते. "तण खाई धन म्हणत्यात. आता तणनाशक खाई उरलेलं धन."

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण पंप तेच, उघडे हात तेच, बनियन तेच. त्या वर्षी तात्यांनी हातमोजे आणले होते. ते अजून पिशवीतच आहेत.

शेवटी बांध दोन भागांत वाटला गेला. अर्धा तात्यांच्या बॅरलने, अर्धा अक्काच्या हिशोबाने: पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात थोडं सल्फेट, मग बाटलीवर लिहिली आहे तेवढीच मात्रा, मीठ नाही, पावडर नाही, सकाळची वेळ. तात्यांनी पायात गमबूट आणि हातात ते पिशवीतले मोजे घातले. अक्काने तशी अटच घातली होती.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा भाग तांबूस झाला आणि अक्काचा हिरवागार. गावात जो आला त्याला तात्यांनी बांध दाखवला. अक्का तोवर पुण्याला गेली होती, तिला मी फोटो पाठवले. तिने उत्तरात फक्त "थांबा" एवढंच लिहिलं. पंधराव्या दिवशी तात्यांच्या भागात हराळीच्या पेऱ्यांतून हिरवी टोकं निघाली. अक्काचा भाग आधी पिवळा, मग पांढुरका, मग मुळापासून वाळला. केना मात्र दोन्हीकडे जिवंत होता. ग्लायफोसेटला तो सहसा दाद देत नाही.

नवरात्रात घटाला माती आणायला तात्या बांधावर गेले, तेव्हा कुदळीने दोन्हीकडे खणून बघितलं. हराळीची मुळं अक्काच्या भागात तपकिरी, कुजकी. लव्हाळा दोन्हीकडे उगवलेला, तिच्या भागात विरळ. झोपलेल्या गाठी दोन्हीकडे टणक.

पत्र्याखाली आता पावसाच्या पाण्याची टाकी आहे. मिठाचं पोतं अजून गोठ्यातच आहे, तात्या म्हणतात जनावरांना लागतं. 2,4-डी मारलेला पंप लाल फडकं बांधून वेगळ्या खुंटीला टांगलेला असतो, आणि त्याला कुणी हात लावत नाही.